ज्यांच्या वह्या मागे राहिल्या

रविवार, ७ सप्टेंबर २०२५, अंजूर

गणपती काल गेले. आज पौर्णिमा, रात्री खग्रास ग्रहण, उद्यापासून पितृपक्ष. ग्रहणाच्या वेधामुळे अभ्यासमंडळाची बैठक दुपारीच उरकावी लागली, पण ठरायचे ते ठरले. सर्वपित्री अमावास्येला, २१ तारखेला, मंडळाच्या गेलेल्या सभासदांचे स्मरण करायचे. मंडळाला नोंदणी नाही, कार्यालय नाही. भिवंडी तालुक्यातले वीरगळ, गधेगाळी, जुने कागद, खाडीकाठच्या जागांची नावे यांच्या मागे लागलेली आम्ही मोजकी माणसे. त्यांतली तिघे गेली. तात्या मोडी वाचायचे. दादांना खाडी पाठ होती. मावशी धवलारीण होत्या, आगऱ्यांच्या लग्नांत धवले म्हणायच्या.

स्मरण कसे करायचे यावर मात्र बराच वेळ बोलणे झाले. फोटो, हार, दोन शब्द, चहा, असे बहुतेकांचे मत होते. माझा एक जुना विद्यार्थी आता इथल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "बाई, फोटो लावूच. पण मग काय?" कोणी उत्तर दिले नाही आणि बैठक संपली.

मला उत्तर माहीत आहे असे वाटते. आपल्याकडे माणसावर तीन ऋणे सांगितली आहेत, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. पितृऋण घरचा संसार पुढे नेऊन फिटते, श्राद्ध-तर्पणाने फिटते. ऋषिऋण अध्ययनानेच फिटते, त्याला दुसरा मार्ग सांगितलेला नाही. तात्या, दादा आणि मावशी यांचे आमच्यावर जे आहे ते ऋषिऋण आहे. तेव्हा या पंधरवड्यात रोज थोडे वाचायचे. या तिघांचे, आणि त्यांच्या आधी याच वाटेने गेलेल्यांचे. प्रत्येकाचे काय अर्धे राहिले ते लिहून काढायचे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

तात्यांच्या वह्या त्यांच्या सुनेने आणून दिल्या. तात्या तलाठी होते. जुने फेरफार वाचता यावेत म्हणून मोडी शिकले, आणि निवृत्तीनंतर त्याच मोडीने त्यांना इतिहासात आणून सोडले. डाव्या पानावर मूळ ओळ, उजव्या पानावर बाळबोध, शंका असेल तिथे लाल पेन्सिलीची खूण. अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ.

अंजूरला राहून इतिहासात शिरायचे म्हणजे गंगाजी नाईकांच्या दारातूनच शिरावे लागते. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला, तिथून चिमाजी अप्पांची मोहीम १७३९ च्या मे महिन्यात वसई पडेपर्यंत चालली. पोर्तुगीजांच्या साष्टीत माणसे जोडणे, वाटा दाखवणे, मोहिमेला आतून आधार देणे, या कामात गंगाजी आणि त्यांचे भाऊ पुढे होते. नाईकांच्या बाजूने ही हकिकत सांगणारी 'साष्टीची बखर' आहे. तीत घराण्याचा अभिमान ओतप्रोत भरलेला आहे. गावातली पोरे सभेत ऐकतात ती गोष्ट बहुतेक तिच्यातूनच आलेली.

तात्यांचे तेवढ्यावर समाधान नव्हते. त्यांच्या तिसऱ्या वहीत उभे तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात बखर काय म्हणते. दुसऱ्यात पेशवे दप्तरातली पत्रे काय म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसायांनी दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग काढले, त्यांतला सोळावा भाग सबंध वसईच्या मोहिमेचा. तो तात्यांनी पानन् पान उतरवून घेतला होता. तिसऱ्या रकान्यावर लिहिले आहे, 'फिरंगी कागद'. आणि हा रकाना बहुतांशी कोरा आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांच्या 'पोर्तुगीज-मराठे संबंध' या ग्रंथातून मिळाले तेवढे तात्यांनी भरले. त्यापुढे त्यांचा हात चालला नाही, कारण पोर्तुगीज येत नव्हते.

पिसुर्लेकर आयुष्यभर गोव्याच्या दफ्तरखान्यात बसले. राज्य पोर्तुगीजांचे, कागद पोर्तुगीजांचे, आणि त्यातून मराठ्यांचा इतिहास वेचणारा हा सारस्वत माणूस. मराठी ग्रंथ १९६७ मध्ये निघाला आणि १९६९ मध्ये ते गेले. अगदी शेवटी का होईना, त्यांनी तो मराठीत दिला म्हणून अंजूरच्या एका तलाठ्याचा तिसरा रकाना थोडा तरी भरला. संशोधक गेल्यावर त्याचे काम कोणाच्या वहीत जाऊन उतरेल हे त्याला कधीच कळत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज राजवाडे. त्यांच्यापासून सुटका नाही. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळ्यांना सोबत घेऊन त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. आमच्यासारख्या गावोगावच्या लहान मंडळांचे ते मूळ घर. माणसाचा स्वभाव तापट. स्वतःच काढलेल्या मंडळाशीही त्यांचे फार काळ पटले नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' मात्र बावीस खंडांची. पायी हिंडून, हाताने रांधून खाऊन, वाड्यावाड्यांतून रुमाल उलगडून मिळवलेली.

आमच्या बाजूसाठी त्यांचे सर्वांत मोठे देणे 'महिकावतीची बखर'. १९२४ मध्ये त्यांनी ती छापली आणि उत्तर कोकणातल्या गावांना, जातींना, राजवटींना पहिल्यांदा लांबलचक मागचा काळ मिळाला. त्यांची प्रस्तावना वाचताना आजही दम लागतो. काही निष्कर्ष अतिशय धाडसी आहेत, काही मला मुळीच पटत नाहीत. तरी ठाणे जिल्ह्यातल्या साध्या शेतकऱ्याचा इतिहास कोणी तरी इतक्या तळमळीने शोधला याबद्दल मी त्यांना दर वेळी मनात नमस्कार करते.

३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात गेले. धुळेकरांनी काय केले? पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले आणि त्यांचे कागद, टिपणे, दफ्तरे सांभाळली. पुतळ्याची वाट पाहिली नाही. आमच्या रविवारच्या वादाचे उत्तर धुळ्याने तेव्हाच देऊन ठेवले आहे. हे २१ तारखेला सांगायचे.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी पाऊस उघडला म्हणून त्या विद्यार्थ्याला घेऊन खाडीकडे गेले. हळवे भात पोटरीला आले आहे, पण पूर्वी जिथवर भात दिसायचे तिथवर आता पत्र्याची छपरे दिसतात. अंजूर, माणकोली, दापोडे, राहनाळ, सगळीकडे गोदामे. देशभर घरपोच जाणारे खोके इथून सुटतात. कामे मिळाली, पोरांच्या हातात पैसा आला, ते वाईट कसे म्हणू? पण गोदाम उभे राहण्याआधी भराव पडतो, आणि भरावाखाली बांध जातात, उघाड्या जातात, खाजणांची नावे जातात. बांधावरचा एखादा शेंदूर लावलेला वीरगळही जातो.

दादांची सगळी विद्या या खाडीवर होती. उधाणाचे पाणी कुठल्या तिथीला कुठवर चढते, होडी कुठे लागायची, मिठागराची हद्द कुठे होती, पावसाळ्यात ठाण्याहून यायचे तर कुठला उतार धरायचा. शाळा चौथीपर्यंत. १७३७ च्या त्या स्वारीबद्दल आम्ही पुस्तकातून बोलू लागलो की दादा ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "पण त्या राती भरती कवा व्हती?" आम्ही गप्प. दादांच्या मते खाडी ओलांडून जायचे असेल तर पहिला प्रश्न हाच. तिथी माहीत असेल तर भरतीची वेळ बोटांवर मोजून काढता येते. एवढी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्यांपैकी कोणाला सुचली नव्हती.

दादा असताना विद्यार्थ्याने त्यांना होडीत बसवून फोनवर ध्वनिमुद्रण केले होते. आज काठावर बसून ते पुन्हा ऐकले. वल्ह्याचा आवाज, मध्येच दादांचा खोकला, आणि एकामागून एक जागांची नावे. ती अजून नकाशावर उतरलेली नाहीत. हे दादांचे राहिलेले काम. त्यातल्या निम्म्या जागा भरावाखाली गेल्या तरी नकाशावर त्या दाखवायच्याच. उद्या हद्दीचा किंवा पुराचा प्रश्न निघाला तर गावाला हाच कागद लागेल.

सोमवार, १५ सप्टेंबर

दिवसभर धो धो पाऊस. नाक्यावर पाणी भरल्याने बाहेर पडता आले नाही.

आज अविधवा नवमी. जाऊबाईंनी सासूबाईंसाठी सवाष्ण जेवायला बोलावली होती. तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी. मावशी आजच्या तिथीत बसत नाहीत, त्यांचे धनी पुष्कळ आधी गेले होते. पण शंभर लग्नांतल्या सवाष्णींना ज्यांनी धवले म्हणून सासरी पाठवले त्या बाईला आजच्या दिवशी आठवायचे नाही तर कधी?

आगरी लग्नात भटजी येतात तेव्हा येतात, पण हळदीपासून सगळा विधी चालतो तो धवलारणीच्या तोंडून. मांडव घालणे, तेलवण, हळद, प्रत्येकाचा धवला वेगळा. धवल्यांत देव येतात, कुळे येतात, गावे येतात, पाण्याच्या वाटा येतात. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बैठकीला यायच्या, कोपऱ्यात बसायच्या आणि आमचे कागदाचे बोलणे संपले की एखादी ओळ म्हणून दाखवायच्या. तात्यांनी त्यांतल्या काही लिहून घेतल्या. पुरुषांनी लिहिलेल्या कोणत्याही कागदात नसलेली कितीतरी माहिती त्या गाण्यांत होती. इतिहास मंडळांच्या गेलेल्या सभासदांच्या याद्या पाहा, बायकांची नावे किती थोडी आढळतात. शोभना गोखल्यांसारख्या एखाद्या. कान्हेरीचे लेख वाचणाऱ्या, ब्राह्मी लिपी हातच्या मळासारखी जाणणाऱ्या. त्या २०१३ मध्ये गेल्या. कान्हेरीच्या त्या लेखांत दान देणाऱ्या बायका आहेत, भिक्षुणी आहेत. नावे दगडावर होती, ती वाचणारे डोळे हवे होते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

काल पुण्यात गजानन भास्कर मेहेंदळे गेले. वय ७७. सकाळी विद्यार्थ्याचा फोन आला, "बाई, कळलं का?" नंतर दोघेही बराच वेळ बोललो नाही.

मी त्यांना एकदाच ऐकले आहे, लांबून, भरलेल्या सभागृहात. आवाज चढवायचा नाही. प्रत्येक विधानाला कागद. 'श्री राजा शिवछत्रपती' १९९६ मध्ये आले तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी ते घ्यावे म्हणून मी किती भांडले होते. दोन जाडजूड भाग, आणि तळटीपा अशा की काही पानांवर खालचा मजकूरच वरच्याला भारी. पुढे २०११ मध्ये इंग्रजीतून महाराजांचे चरित्र आले. बांगलादेशच्या युद्धात वार्ताहर म्हणून गेलेला तरुण भारत इतिहास संशोधक मंडळात आला तो जन्मभर तिथलाच झाला. मोडी, फारसी शिकला. संसार केला नाही. मंडळातल्या कागदांशीच नाते.

शिवचरित्रावर महाराष्ट्रात रोज कोणी तरी बोलतो. रोज कोणी तरी रागावतो. त्या गोंगाटात हा एक माणूस विचारत राहिला की पुरावा कोणता, अस्सल की नक्कल, कधीचा, लिहिणारा तिथे होता का? मला वाटते, त्यांनी आम्हा शिक्षकांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. वर्गात एखादे पोर विचारते, "बाई, हे खरं का?" तेव्हा हो किंवा नाही म्हणायच्या आधी 'कशावरून' असे विचारायची हिंमत येते.

दुपारी दत्तो वामन पोतदार आठवले. मंडळाचा सारा व्याप ज्यांनी वर्षानुवर्षे खांद्यावर वाहिला ते पोतदार. सरकारने शिवचरित्र त्यांच्याकडे सोपवले होते. ते लिहून झालेच नाही, आणि १९७९ मध्ये पोतदार गेले. लोक आजही ते हसत सांगतात. मला हसू येत नाही. त्यांनी माणसे घडवली, सभा चालवल्या, दुसऱ्यांचे ग्रंथ निघावेत म्हणून खटपट केली. न लिहिलेला ग्रंथ एक, आणि त्यांच्या आधाराने लिहिले गेलेले ग्रंथ पुष्कळ. मेहेंदळ्यांनी जे केले ते ज्या छपराखाली केले ते छप्पर पोतदारांसारख्यांनी गळू दिले नव्हते.

आज द्वादशी. मेहेंदळ्यांना तर्पण देणारा मुलगा नाही. भावजी संध्याकाळी म्हणाले, वहिनी, अमावास्येला मी पाणी सोडतो तेव्हा गुरू, आप्त, मित्र, शिष्य, सगळ्यांसाठी सोडतो. त्यांचेही नाव घेईन. भावजींनी आजवर इतिहासाचे एकही पुस्तक वाचलेले नाही. पण त्यांनी ते आपणहून सुचवले, मला फार बरे वाटले.

शनिवार, २० सप्टेंबर

उद्याच्या तयारीत आज लोणाडचे कागद काढले. लोणाड आपल्याच तालुक्यातले, लेण्यातल्या कोरीव पटासाठी आणि जुन्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध. पण मला ओढ आहे ती शिलाहारांच्या शिलालेखांची. लोणाडचा शके ११०६ चा अपरादित्याचा, आणि जवळच्या चौधरपाड्याचा शके ११६१ चा केशिदेवाचा. आठशे वर्षांपूर्वी आपल्या पायाखालच्या जमिनीचे दान कोणी कोणाला दिले, हे त्या दगडांवर लिहिलेले आहे. तात्या म्हणायचे, आपला पहिला सात-बारा हाच.

हे लेख आम्ही वाचतो ते वासुदेव विष्णु मिराशींच्या आधाराने. शिलाहारांच्या लेखांचा त्यांचा संग्रह १९७७ मध्ये निघाला तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. माणूस नागपूरचा समजला जातो, पण जन्म देवगडजवळच्या कुवळ्याचा, म्हणजे कोकणातलाच. आणि गणेश हरि खरे पनवेलचे. खऱ्यांनी पुण्याच्या मंडळात पन्नासांहून अधिक वर्षे काढली. फारसी, कानडी, शिलालेख, नाणी, मूर्ती, सगळे कष्टाने आत्मसात केलेले. नवख्यांसाठी त्यांनी 'संशोधकाचा मित्र' लिहिले. कागद कसा ओळखावा, शक-सन कसे जुळवावेत, जे स्वतःला कोणी सांगितले नव्हते ते पुढच्याला सांगून ठेवले. तात्यांकडची प्रत इतकी हाताळलेली आहे की पाने सुटली आहेत.

मिराशी आणि खरे, दोघेही १९८५ मध्ये गेले, एप्रिलमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरे. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. बातमी वर्तमानपत्रात वाचलीही असेन, पण त्या नावांचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. तो कळायला मला मोडी वाचणारा एक तलाठी भेटावा लागला. ठाण्याच्या बाबतीत तेच दाऊद दळवींमुळे झाले. 'असे घडले ठाणे' हातात पडले आणि रोजच्या बसच्या रस्त्याला मागचा काळ दिसू लागला. प्राचार्य असलेला हा माणूस लेणी चढून जायचा आणि पोरांना चढवायचा. तेही आता नाहीत.

आणि या सगळ्यांच्या मागे भगवानलाल इंद्रजी. जुनागढहून डॉक्टर भाऊ दाजींच्या बोलावण्यावरून मुंबईला आले, त्यांच्यासाठी देशभर फिरून लेखांचे ठसे आणले. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. भगवानलालांनी काम थांबवले नाही. १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्यांनाच तिथे गवसला. गुरू गेल्यावर शिष्याने नेमके काय करायचे असते हे मला तरी यापेक्षा स्वच्छ कुठे दिसलेले नाही.

रविवार, २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी भावजींनी तर्पण केले. घरच्या नावांनंतर त्यांनी मेहेंदळ्यांचे नाव घेतले, तात्यांचे, दादांचे घेतले. मावशींचे घेताना त्यांना गोत्र ठाऊक नव्हते. क्षणभर थांबून त्यांनी तसेच पाणी सोडले.

चार वाजता देवळाच्या सभामंडपात सभा. अपेक्षेपेक्षा माणसे जास्त आली, दादांची तर सगळी आळी आली. फोटो लावले, हार घातले. मावशींचा फोटोच नव्हता. त्यांच्या नातीने लग्नाच्या व्हिडिओतून एक चित्र काढून आणले. त्यात त्या हळदीच्या ताटासमोर बसल्या आहेत, तोंड उघडे, धवला चालू आहे. यापेक्षा चांगला फोटो काढून मिळाला नसता.

मी धुळ्याचे सांगितले. तात्यांची वही उघडून तिसरा कोरा रकाना सर्वांना दाखवला. मग दादांचे ध्वनिमुद्रण लावले. सभामंडपात त्यांचा आवाज घुमला तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने मध्येच हात वर करून सांगितले, "हे नाव चुकलं. इथं नव्हं, तो कोंड पलीकडं." लगेच दुसऱ्या म्हाताऱ्याने त्याला विरोध केला. दहा मिनिटे दोघे वाद घालत होते आणि विद्यार्थी दोघांचे म्हणणे उतरवून घेत होता. असे स्मरण व्हावे अशीच माझी इच्छा होती. दादांबद्दल चांगले बोलण्यापेक्षा दादांचे काम तपासले जात होते.

मावशींच्या नातीला पुढे बोलावले. तिला आजीचे चार धवले पुरते येतात, बाकीचे तुकड्यांनी. तिने एक म्हटला. मागे बसलेल्या बायकांनी तिच्या नकळत पुढची कडवी धरली. म्हणजे सगळे गेलेले नाही. कोणाकडे काय शिल्लक आहे ते आता घरोघर जाऊन विचारायचे.

शेवटी कामे वाटली. तात्यांचा तिसरा रकाना: इथली एक मुलगी वसईत शिकते, ती पोर्तुगीज शिकायला तयार आहे. पुस्तकांचा आणि जाण्यायेण्याचा खर्च मंडळ देईल. दादांचा नकाशा: विद्यार्थी आणि दादांचे भाऊ, दिवाळीनंतर पाणी निवळले की होडीतून. धवले: नात, मी आणि माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी, गाणे जसे म्हटले जाते तसेच उतरवायचे, शुद्ध करायचे नाही. चौधरपाड्याच्या लेखाचा नवा ठसा घ्यायचा आहे, त्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज उद्याच लिहायचा. कागद, शाई, ब्रश तात्यांच्या घरी ट्रंकेत आहेत. सूनबाई म्हणाल्या, त्यांनी ते कोणालाही हात लावू दिलेले नाहीत. उद्या घटस्थापना आहे, तेव्हा मंगळवारी सकाळी जाऊन घेऊन येते.